फीत, तबकडी आणि फाइल : आपल्या उत्सवाच्या चित्रणाची कहाणी

२०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले तेव्हा गणेशचतुर्थी जेमतेम दहा-बारा दिवसांवर आली होती. मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत कंबरभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर तरुण मंडळींनी चिखल उपसला, सतरंज्या धुतल्या, पेटी आणि तबले उन्हात ठेवले आणि ७ सप्टेंबरला बाप्पा ठरल्या मुहूर्तावर बसले. याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे.

लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन खणांकडे मात्र कोणाचे लक्ष चार दिवस गेले नाही. तिथे मंडळाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या. १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या आरत्या, लेझीम, वक्तृत्व स्पर्धा आणि नाटके. त्यात १९८९ सालच्या ‘संगीत सौभद्र’च्या प्रयोगाची कॅसेटही होती. कपाट उघडले तेव्हा फितींच्या रिळांवर नदीचा गाळ बसला होता. कॅसेट गेल्या.

‘सौभद्र’ची एक प्रत शिल्लक होती. त्या प्रयोगात श्रीकृष्णाची भूमिका करणारे आमचे ज्येष्ठ सभासद आज हयात नाहीत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सर्वांच्या काकू, दुसऱ्या मजल्यावर राहतात. २००४ च्या सुमारास त्यांनी त्या कॅसेटवरून एक डीव्हीडी करून घेतली होती. ती तबकडी त्यांच्या कपाटात, पातळांच्या घडीखाली, सुखरूप होती. “यातून त्यांची तेवढी पदे वेगळी काढून दे रे,” असे म्हणून काकूंनी ती माझ्या हातात दिली. आठवड्याभराचे काम असेल असे मला वाटले होते. त्याला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे वाचले, जे चुकले आणि जे शिकलो, त्यातून हा लेख झाला.

कलाभवनातला विद्यार्थी

हलत्या चित्रांचा आणि आपल्या गावाचा संबंध जुना आहे. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० साली वडोदऱ्यात कलाभवन सुरू झाले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला एक मराठी तरुण त्याच सुमारास इथे आला. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्याने इथे हाताळली. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

हा मान सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता आणि ती सगळी रिळे आज उपलब्ध नाहीत. आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि ठेवल्या ठेवल्या कुजे. त्याहून मोठे कारण असे, की खेळ संपला की रिळांचे काम संपले, असेच सगळे धरून चालत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तिथे जन्मभर वणवण करून जे मिळेल ते गोळा केले, म्हणून फाळक्यांचे काही तरी आज आपल्याला दिसते. म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाला जवळपास पन्नास वर्षे होईपर्यंत असे जपण्याची सोयच नव्हती. आपल्या कॅसेट पस्तीस वर्षांत गेल्या. आपण फार वेगळे वागलो असे म्हणता येणार नाही.

पंचवीस चित्रे, पन्नास अर्धी चित्रे

काकूंच्या तबकडीतले गुंते समजायला थोडे मागे जावे लागते. भारतात दूरदर्शनवर रंग आले ते १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. त्यासाठी आपण ‘पाल’ ही पद्धत घेतली. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रुख यांनी १९६० नंतरच्या काळात ती तयार केली होती. या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दिसतात. हा आकडा विजेच्या प्रवाहावरून आला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून चित्राचा ठेकाही ५० चा.

सेकंदाला ५० पूर्ण चित्रे पाठवणे त्या काळी परवडणारे नव्हते. म्हणून युक्ती अशी केली, की आधी चित्राच्या विषम ओळी पाठवायच्या, मग सम ओळी. प्रत्येक पाळीत अर्धे चित्र जाते. जुन्या काचेच्या टीव्हीवर ही दोन अर्धी चित्रे डोळ्यांत आपोआप मिसळत. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. म्हणून हात झटकन हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली ती रंगीत टीव्हीच्या मागोमाग. कॅमेरा तर फार थोड्यांकडे असे. आपल्या ‘सौभद्र’चे चित्रण मस्कतहून सुटीवर आलेल्या एका सभासदाच्या कॅमेऱ्यावर झाले. कॅसेट होती १८० मिनिटांची. आमचा प्रयोग मध्यंतर धरून तीन तासांच्या वर गेला, त्यामुळे भरतवाक्य टेपवर नाहीच! तेव्हा यावर बरीच चेष्टा झाली होती.

गणितातून आलेली तबकडी

फितीवरचे चित्र आकड्यांत बदलायचे म्हटले तर आकड्यांचा डोंगर होतो. तो डोंगर लहान करण्याची गुरुकिल्ली एका भारतीयाने शोधली. नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. तिथेच अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले. १९७२ मध्ये त्यांना कल्पना सुचली, की चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येक चौकोन लहरींच्या बेरजेत मांडायचा आणि डोळ्यांना न जाणवणाऱ्या बारीक लहरी सोडून द्यायच्या. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे त्यांनी या कामासाठी पैसे मागितले, पण ते मिळाले नाहीत. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ते काम पूर्ण केले. जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपण मोबाइलवर जे फोटो पाठवतो त्यांच्या मुळाशीही हेच गणित आहे.

१९८८ मध्ये इटलीचे लिओनार्दो किआरिल्योने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने ‘एमपेग’ हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मानकावर १९९३ ची व्हिडिओ सीडी निघाली. आपल्या घरांतल्या अनेक लग्नांच्या त्या धूसर, चौकोनी ठिपक्यांच्या सीडी आठवून पाहा. दुसरे मानक, एमपेग-२, १९९४ मध्ये पक्के झाले आणि त्यावर डीव्हीडी उभी राहिली. सुरुवातीला एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, तर दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि टाइम वॉर्नर, अशा दोन वेगळ्या तबकड्या येऊ घातल्या होत्या. आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी दोघांना बजावले, की आम्हाला एकच तबकडी हवी. सप्टेंबर १९९५ मध्ये समझोता झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विकायला आली.

एमपेग-२ ची खुबी अशी, की तो प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे लिहितो. आपल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत असा एक गट जास्तीत जास्त १५ चित्रांचा असतो. हिशेबाच्या वहीसारखेच हे. पानाच्या डोक्यावर मागील शिल्लक, खाली फक्त जमा-खर्च. वरचे पान फाटले तर खालच्या नोंदींचा अर्थ लागत नाही.

डीव्हीडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते : माणूस सोफ्यावर बसून सिनेमा पाहतो आहे. तो कधी तबकडीतला मजकूर बाहेर काढून कापाकापी करेल, हा विचार त्या मांडणीत नाही. आमचे तीन महिने गेले त्याचे मूळ इथे आहे.

काय काय अडले

पहिली अडचण तबकडीचीच होती. घरी भरलेल्या डीव्हीडीत धातूच्या थराखाली रंगाचा एक सेंद्रिय थर असतो आणि लेझर त्यावर खुणा भाजतो. ऊन, उष्णता आणि वर्षे यांनी तो रंग उतरतो. त्यात दुकानदाराने हौसेने गोल कागदी लेबल चिकटवले होते. ते एका बाजूने सुटले होते, त्यामुळे तबकडी फिरताना थरथरे. दोन तासांपर्यंत चित्र ठीक चाले आणि मग गोठे. मी सरळ फाइली ओढून उतरवायला गेलो, तर चौथ्या फाइलीवर संगणकाने हात टेकले.

शेजारचा अकरावीतला मुलगा मदतीला आला. त्याने पहिला नियम सांगितला : “काका, आधी तबकडीची हुबेहूब प्रतिमा काढू. मग तबकडीला हातच लावायचा नाही.” त्यासाठी खास प्रोग्राम मिळतात, तेही मोफत. ते आधी जे सहज वाचता येते ते सगळे वाचून घेतात, अडलेल्या जागा वहीत टिपून ठेवतात आणि मग तेवढ्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. तबकडी तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घातली. एकाला जे वाचता आले नाही ते दुसऱ्याने वाचले, कारण प्रत्येक ड्राइव्हच्या लेझरची नजर थोडी वेगळी असते. शेवटी साडेचारशेच्या आसपास खंड वाचायचे राहिले. एक खंड २,०४८ बाइटचा. म्हणजे तीन तासांतले दोन-सव्वादोन सेकंद गेले. हे नुकसान आम्ही आनंदाने सोसले.

दुसरी अडचण तुकड्यांची. डीव्हीडी उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसते. त्यात ‘व्हीओबी’ फाइली असतात, त्यांची अनुक्रमणिका ‘आयएफओ’ आणि अनुक्रमणिकेची जादा प्रत ‘बीयूपी’. नाटक सलग असले तरी व्हीओबीचा प्रत्येक तुकडा एक गिगाबाइटच्या आत ठेवतात. आमच्या तबकडीत असे पाच तुकडे निघाले, पहिले चार साधारण चाळीस-चाळीस मिनिटांचे. मी ते एकेक करून संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले आणि एकापुढे एक लावले. मोठा विजय झाला असे वाटून काकूंना बोलावले.

त्या दुसऱ्या अंकातले पद ऐकत होत्या. एका जागी त्यांनी हात वर केला. “इथे त्यांनी षड्ज लांबवला होता. तो मधेच कुठे तुटला?” मला काहीच जाणवले नव्हते. पुन्हा ऐकले. खरेच, अर्ध्या सेकंदाची ठेच होती. नेमका दुसरा तुकडा तिथे संपत होता आणि तिसरा सुरू होत होता.

कारण त्या हिशेबाच्या वहीत होते. तुकडा पाडताना चित्रांच्या गटाचे किंवा सुरांचे भान ठेवलेले नसते. गटाचा अर्धा भाग एका फाइलीत राहतो, अर्धा दुसरीत. तिसऱ्या फाइलीला मागील शिल्लक माहीत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तेवढा भाग गाळून पुढच्या पूर्ण चित्रापासून सुरुवात करते. १५ चित्रे म्हणजे सहा दशांश सेकंद. उपाय सोपा होता : पाचही तुकडे क्रमाने जोडून आधी एकच प्रवाह करायचा, वेळेच्या खुणा नव्याने घालायच्या आणि मगच तो सॉफ्टवेअरला द्यायचा. जोडताना चित्र पुन्हा दाबायचे नाही, जसे आहे तसेच ठेवायचे. पुढच्या वेळी काकूंना बोलावले तेव्हा तो षड्ज अखंड होता. त्या काही बोलल्या नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिल्या.

तिसरी अडचण आवाजाची. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आले, पण आवाजाची पट्टी रिकामी. आम्ही घाबरलो. फाइलीत आवाज होता, पण तो डॉल्बीच्या ‘एसी-३’ पद्धतीने दाबलेला होता आणि त्या सॉफ्टवेअरला ती लिपी वाचता येत नव्हती. ही तंत्रे बरीच वर्षे पेटंटखाली होती; एमपेग-२ चे अमेरिकेतले शेवटचे पेटंट २०१८ मध्ये संपले. परवान्याचे पैसे वाचवायला अनेक सॉफ्टवेअरवाले ही लिपी वगळत. आवाज वेगळा काढून साध्या ‘वेव्ह’ फाइलीत बदलला. डीव्हीडीतला आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो, तो आकडा तसाच ठेवला आणि काम झाले.

चौथी अडचण म्हणजे सॉफ्टवेअर सारखे अडखळे आणि उलट दिशेने सरकवले की बंदच पडे. बिचाऱ्याला प्रत्येक चित्रासाठी मागचा पूर्ण हिशेब मांडावा लागत होता. संपादनासाठी वेगळ्या प्रकारच्या फाइली असतात, त्यांत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले असते. जागा कितीतरी पट लागते, पण कात्री कुठेही चालते. तशी कामापुरती फाइल करून घेतली आणि सॉफ्टवेअर शहाण्यासारखे वागू लागले.

मग आकाराचा घोळ. पाल डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. नुसते आकडे पाहिले तर प्रमाण पाचास चार होते. दाखवायचे असते चारास तीन. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसून किंचित रुंद धरलेले असतात, म्हणून हा फरक. हे सॉफ्टवेअरला सांगितले नाही तर माणसे उभट दिसतात. मी सुरुवातीला सगळे नव्या रुंद पडद्याच्या मापात ताणले होते. बलराम आधीच अंगाने भरलेला, तो आणखी आडवा पसरला. ती भूमिका करणारे आमचे मित्र आजही मंडळात आहेत. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “मी तेव्हा इतका जाड नव्हतो हो.” दुरुस्ती लगेच केली.

अर्ध्या चित्रांचा क्रमही सांगावा लागतो. वरचे अर्धे आधी की खालचे, हे उलटे झाले तर चालणारी माणसे दर पावलाला मागे-पुढे थरथरतात. आमच्या तबकडीत वरचे आधी होते. डीव्ही कॅमेऱ्यांच्या छोट्या कॅसेटवर खालचे आधी असते. दोन्हींचे चित्रण एकत्र करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

न्यू जर्सीहून आलेल्या एका तबकडीनेही धडा दिला. तिथली जुनी पद्धत एनटीएससी. तिचे चित्र ७२० बाय ४८० चे आणि सेकंदाला २९.९७ चित्रे. मी ते आकडा पूर्ण करून ३० धरले. तासाभराच्या कार्यक्रमात ओठ आणि आवाज यांत साडेतीन सेकंदांहून जास्त अंतर पडले. हिशेबात पैशांचे पूर्णांक करू नयेत, हे बँकेत चाळीस वर्षे काढून मला कळायला हवे होते.

नुकसान कुठे झाले

सगळे झाल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. चित्र स्वच्छ का नाही? उत्तर २००४ मधल्या काटकसरीत सापडले. डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. त्यात तीन तास बसवायचे तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा वाट्याला येत नाहीत. मानकाप्रमाणे चित्राला ९.८ पर्यंत परवानगी होती. दोन तबकड्या केल्या असत्या तर चित्र बरेच चांगले राहिले असते. आणि डीव्हीडी झाली म्हणून आपण कॅसेटकडे पाठ फिरवली, ही त्याहून मोठी चूक. मूळ फीत असती तर आज अधिक चांगल्या यंत्रावरून नवी प्रत करता आली असती. आता फीतही नाही आणि ती वाजवणारी यंत्रेही नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. काकूंसाठी तयार केलेली तबकडी हीच आता मूळ प्रत आहे.

गेल्या पौषातल्या एका संध्याकाळी काकूंच्या घरी आम्ही दहा-बारा जण जमलो. श्रीकृष्णाची सगळी पदे, जोडून, पस्तीस मिनिटे. संपल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, “आता त्यांची खोकी नको काढू. खोकलेसुद्धा राहू देत.” दोन पदांच्या मध्ये काका खोकतात ते मी कापायला निघालो होतो. ठेवले.

सभासदांना विनंती

आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशा कॅसेट आणि तबकड्या पडून असतील. मुंजी, लग्ने, मंडळाच्या सहली, गेलेली माणसे. कृपया त्या खाली काढा. डीव्हीडी चालत असेल तर आजच तिची पूर्ण प्रतिमा हार्डडिस्कवर घ्या. नुसत्या फाइली ओढू नका. चिकटवलेले लेबल खरवडून काढू नका. तबकडीवर बॉलपेनने लिहू नका. रेकॉर्डरवर भरलेली तबकडी संगणकात उघडत नसेल तर ती ‘फायनलाइज’ करायची राहिली असण्याची शक्यता आहे. ती फेकू नका. कॅसेटला बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, कारण यंत्रही बिघडते आणि फीतही तुटते. प्रती किमान दोन ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर.

हे सगळे जमत नसेल तर आरतीनंतर मला भेटा. शेजारच्या मुलाची बारावी आहे, पण रविवारी तो येतो. काम सावकाश होईल, पण होईल.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥